टापूवरचं बेशरमाचं कुंपण

दवनीवाड्याच्या पुढे एका गावच्या तलावात मधोमध टापू आहे. त्याच्या कडेने पूर्वी देवधान, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानभात, दाट असायचा. त्या दाटीत अडई ही लहान बदकं अंडी घालत. मग बांधावरचं बेशरम, कापलेल्या काडीतूनही पुन्हा फुटणारं झुडूप, पाण्यात उतरलं आणि टापूवर चढलं. देवधान गेलं, अडई गेली.

उन्हाळ्यात टापू बेशरममुक्त करण्याची सरकारी मोहीम निघाली. मी गोंदियाहून बातमीसाठी गेलो होतो. फ्लेक्स होता, टोप्या होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. त्या बाटल्या टापूवरच राहिल्या.

खरी निकड एकाच व्यक्तीला होती. मच्छीमार सोसायटीतली ही ढिवर बाई. गाव तिला काकी म्हणतं. तिने अडईसाठी भांडून टापूजवळची जाळी बंद करवली होती. सोसायटीतल्या पुरुषांची अट होती: पोळ्यापर्यंत अडई दिसली नाही, तर जाळी पुन्हा पडणार. काकीने शेजारच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, देवधानाचे गड्डे डोक्यावरून आणून चिखलात लावले होते.

बेशरम कापून झालं. पाणी आटलेलं, म्हशी चालत टापूवर येतील अशी भीती निघाली. मोहिमेवर आलेले सरकारी साहेब म्हणाले, बाउंड्री तो चाहिए. कापलेल्या काड्यांचा ढीग समोरच होता. आपल्याकडे वांग्याच्या वाफ्यालाही बेशरमाच्या काड्यांचंच कुंपण असतं. हात सवयीने तिकडे गेले. ज्याच्यापासून देवधान वाचवायचं, तेच देवधानाभोवती रोवलं गेलं, अगदी ओळीत, दोरी लावून.

"साहेब, हे जित्ता हाये," काकी म्हणाली.

"सूख जाएगा, काकी. इतनी धूप है."

"याले कोनं वाळताना पायलं?"

"म्हशीनं तुहा धान खाल्ला मंग कोनाले बोलशीन?" सरपंच म्हणाले. "सारं तुलेच समजते का वं?"

लोक हसले. साहेबांनी शेवटची काडी स्वतः रोवली. तिचा फोटो निघाला.

तलाव भरला तशी कुंपणाला पालवी फुटली. श्रावणात साहेब डोंग्यातून पाहणीला आले, तेव्हा काड्या माणसाच्या कमरेएवढ्या झाल्या होत्या आणि जांभळट फुलं आली होती. साहेब खूश झाले. ग्रीन कव्हर अच्छा आया, असं ते म्हणाले. खालचं देवधान सावलीत पिवळं पडत होतं. त्यासाठी वाकून पाहावं लागलं असतं. मी बातमीत बेशरम असं स्पष्ट लिहिलं. पेपरच्या संपादकीय टेबलावर तो शब्द गळाला आणि 'टापू पुन्हा हिरवागार' असा मथळा पडला. बातमी खोटी म्हणता येत नव्हती.

काकीने सरपंचांकडे कुंपण उपटायची परवानगी मागितली. सरकारी काम आहे, हात लावू नको, असं उत्तर मिळालं.

पोळा झाला. अडई आली नाही. दुसऱ्या सकाळी सोसायटीचे पुरुष जाळी घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर, जमले. मीही होतो.

"काकी, कोठी हायेत तुह्या अडई?" एकाने विचारलं. "का फोटोतच हायेत?"

"टाका जाळे," काकी म्हणाली. "मी कायले आडवी येऊ? पन त्या बेशरमात गुतलं का फाटन. मंग माह्या नावानं बोंबलू नोका."

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. पक्ष्यांसाठी ज्यांनी बोट उचललं नव्हतं, ते नव्या जाळ्यांसाठी छातीभर पाण्यात उतरले. आता सरकारी काम कोणाला आठवलं नाही. दुपारपर्यंत कुंपण मुळासकट निघालं. एकाने पहिला भारा सवयीने पाण्यात भिरकावला. काकीने लुगडं खोचून उडी टाकली, तो ओढून आणला आणि डोंग्यात आपटला.

"पान्यात नाई. डोंग्यात भरा. पार सडकेवर नेऊन वाळवाचा हाये."

"अवं, जाळं टाकू देशीन का नाई आज?"

"भरा पयले."

ते कुरकुरत भरू लागले.