स्वस्थ बसा

कुसुमकाकूंच्या औषधानं मला कधी काही झालं नाही. त्यांनी मला औषध दिलंच नव्हतं. एवढी दोन वाक्यं मी गेल्या महिन्यापर्यंत कुणापुढे, अगदी बायकोपुढेही, बोललो नव्हतो. मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातल्या कितीतरी मराठी घरांत आजही याच्या उलट गोष्ट खरी मानली जाते. ती कुठून निघाली ते सांगायचंच आहे. पण आधी काकूंबद्दल सांगतो. त्या कोण होत्या हेच ज्यांना माहीत नाही, त्यांना नुसती माझी चूक कळून काय करायची?

काकू नाडी बघण्याआधी हात ऊन करून घ्यायच्या. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आपल्याला बसवायचं, स्वतः गरम पाण्याचा कप दोन्ही तळव्यांत धरून समोर बसायचं, आणि हात शेकेपर्यंत गप्पा. मिशिगनच्या थंडीत याला बराच वेळ लागे. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "थंड हातानं धरलं तर माझीच थंडी मोजली जाईल, बापा." मला वाटतं, निम्मी तपासणी त्या गप्पांमध्येच होऊन जायची.

अमरावतीला घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता. नवरा गेल्यावर प्रसादनं, त्यांच्या मुलानं, त्यांना इथं आणलं. इथं त्यांच्या पदवीला अर्थ नव्हता आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. "इथं मी वैद्य नाही, प्रसादची आई आहे. मी औषध देत नाही. मी विचारते." लोक येत, सल्ला घेत, जाताना अंगणातली मेथी नाहीतर लिंबाचं लोणचं ठेवून जात. त्यापलीकडे त्या काही घेत नसत.

मला त्यांच्याकडे अनघानं, माझ्या बायकोनं, नेलं. फेब्रुवारी होता, बाहेर बर्फ. मला झोप नव्हती, चिडचिड होती, आणि ऑफिसातल्या मीटिंगमध्ये छाती इतकी धडधडायची की मी बाथरूममध्ये जाऊन उभा राहायचो. सोबत आमची रेवाही होती, तेव्हा ती प्राथमिक शाळेत असेल.

"भूक लागते का?" काकूंचा पहिला प्रश्न.

"जेवतो की दोन्ही वेळा."

"जेवता ते दिसून राहिलं. भूक लागते का?"

 शेवटची भूक कधी लागली ते आठवेना.

"काम काय करता?"

"गाड्यांच्या सीट्स डिझाइन करतो."

"म्हणजे लोकांच्या बसण्याची सोय. आणि तुम्ही आल्यापासून गुडघा हलवून राहिले. स्वस्थ बसा."

मला राग आला. चाळिशी उलटलेल्या माणसाला शाळेत बोलतात तसं काय बोलायचं? तेवढ्यात रेवा माझ्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, व्हाय इज शी टेलिंग यू टू सिट चीप?"

तिला 'स्वस्त' ऐकू आलं होतं. काकू इतक्या हसल्या की कपातलं पाणी सांडलं. मग त्यांनी रेवाला जवळ ओढलं. "स्वस्त नाही गं, स्वस्थ. आमच्या शास्त्रात निरोगी माणसाला स्वस्थ म्हणतात. जो आपल्या जागेवर आहे तो. तुझे बाबा खुर्चीत आहेत, पण आपल्या जागेवर नाहीत."

"सो व्हेअर इज ही?"

"तेच तर शोधून राहिलो ना आपण."

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी लिहायला बसलं तर अगदी साध्या वाटतात. झोपायच्या आधी तळपायांना कोमट तिळाचं तेल. दुपारचं जेवण गरम आणि फोन बाजूला ठेवून. रात्रीचं हलकं आणि लवकर. मी विचारलं, सूर्यास्ताच्या आधी जेवायचं म्हणतात, ते इथं कसं जमणार? त्या म्हणाल्या, "इथला सूर्य हिवाळ्यात तुमच्याआधी ऑफिस सोडतो. त्याच्या मागे लागू नका. झोपायच्या पुरेसं आधी जेवा म्हणजे झालं." आणि हे सगळं पायांपासून का, असं विचारल्यावर जे बोलल्या ते मला आजही रोज आठवतं. "मनाला हात लावता येत नाही. तळपायाला लावता येतो. म्हणून तिथून सुरू करायचं."

प्रत्येक वेळी त्या विचारत, "कुठली गोळी चालू आहे?" मी म्हणे, व्हिटॅमिन डी. एकदा त्यांनी अनघाला आलं किसायला ओट्याशी पाठवलं, पाण्याचा नळ सुरू झाल्यावर आवाज खाली आणून पुन्हा विचारलं, "आता सांगा. कुठली गोळी?"

मी डिप्रेशनची गोळी घेत होतो. वर्षभर. डबी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचो. आमच्या घरात कुणाला असं काही झालेलं नव्हतं, निदान कुणी बोललेलं नव्हतं, आणि मला पहिला व्हायचं नव्हतं. मी हळूच सांगितलं आणि विचारलं, "नाडीत दिसलं का?"

"नाडीत कुठलं दिसतं? मी गोळीचं विचारलं की तुम्ही आधी बायकोकडे पाहता." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं. ती चालू ठेवायची. तेल बाहेरून, गोळी आतून, दोघींचं काही भांडण नाही. डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायची नाही. आणि जमेल तेव्हा अनघाला सांगा."

मी हो म्हणालो. दोन्ही गोष्टींना.

वसंत येईपर्यंत मी खरंच सुधारलो. झोप लागू लागली. एके दुपारी ऑफिसात लिफ्टमध्ये कुणाच्या तरी डब्याचा वास आला आणि मला भूक लागली. मी काकूंना तिथूनच फोन केला. "लागली," एवढंच म्हणालो, आणि त्यांना कळलं.

इथं थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण मला आता आपल्या तेलानं, आपल्या आहारानं बरा झालेला माणूस व्हायचं होतं. गोळी त्या गोष्टीत बसत नव्हती. मी ती एका सोमवारी सोडून दिली, डॉक्टरला विचारलं नाही, काकूंना सांगितलं नाही. इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला तर माईक घेऊन बोललो. आयुर्वेदानं मला कसं उभं केलं, कुसुमकाकू म्हणजे काय बाई आहेत. टाळ्या पडल्या. काकू मागच्या रांगेत होत्या, त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारासमोर गाड्यांची रांग लागली.

थोड्याच दिवसांत मला चक्कर येऊ लागली, अंगातून वीज गेल्यासारखं व्हायचं, झोप पुन्हा गेली. एक दिवस ऑफिसला जाताना फ्रीवेच्या कडेला गाडी थांबवली आणि मला ती पुढे नेता येईना. हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. पोलिसांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरनं एकट्याला विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांनी ते घरच्यांना सांगायचं नाही असा इथला नियम, आणि मला तो फार सोयीचा वाटला. मग अनघा आत आली. चेहरा पांढरा पडलेला. "काय झालं तुला? काय खाल्लंस?" आणि मी म्हणालो, "काकूंचं काहीतरी बाधलं असेल."

एवढंच. अर्धं वाक्य म्हणावं असं. ते बोलायला मला काही कष्ट पडले नाहीत.

अनघानं ते एका मैत्रिणीला सांगितलं, काळजीनं. दोन दिवसांत ते मंडळाच्या ग्रुपवर होतं, आणि त्यात कुठूनसा पारा आला, शिसं आलं. प्रसाद घाबरला. परदेशात आईवर केस झाली तर? त्यानं त्यांना हात जोडून सांगितलं, आई, आता कुणाला बघू नकोस. त्यांनी ऐकलं. टेबलाशी बसायला येणारी माणसं थांबली.

मी घरी आल्यावर काकू भेटायला आल्या. अनघानं चहा दिला आणि ती वर निघून गेली. काकूंनी त्या चहाच्या कपावर हात शेकले, माझे मोजे काढले आणि पाय मांडीवर घेतले. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाल्या.

"गोळी सोडली होतीस ना?"

"हो."

"पुन्हा चालू केली?"

"हो."

"मग झालं तर."

मी म्हणालो, "काकू, मी सगळ्यांना खरं सांगतो. ग्रुपवर लिहितो, आत्ता."

"आत्ता नको. आत्ता तुला हे पचायचं नाही. भूक नसताना भलतं खाल्लं की काय होतं? आधी स्वस्थ बस. भूक लागली की सांग."

त्या बोलल्या ते माझ्यासाठी. मी मात्र ते परवानगीसारखं जपून ठेवलं. वर्षानुवर्षं मनाला सांगत राहिलो, अजून भूक नाही.

यानंतर त्या माझ्या घरी आल्या नाहीत. पण हिवाळ्यात इथले म्हातारे लोक मॉलमध्ये चालायला जातात, तशा त्याही जात. मी शनिवारी तिथं जाऊ लागलो. अनघाला सांगे, व्यायाम. दोन फेऱ्या झाल्या की आम्ही एका बुटांच्या दुकानासमोरच्या बाकावर बसत असू. तिथं त्यांनी मला बसायला शिकवलं. पाय जमिनीला टेकलेले, हात मोकळे, समोरून जाणाऱ्या माणसांकडे नुसतं बघायचं. "श्वास मोजू नको," त्या म्हणत, "तू इंजिनिअर आहेस, त्याचाही ग्राफ काढशील." मी घरी न सांगता गोळी घेत होतो, समुपदेशकाकडे जात होतो, आणि शनिवारी त्या बाकावर बसत होतो. यातल्या कशानं मी बरा झालो, असं मी एकदा त्यांना विचारलं. म्हणाल्या, "तू बरा झालास ना? मग श्रेय काहून वाटून राहिला?" आपल्यावर काय आलं आहे, याबद्दल त्या कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. मीही नाही. बाकाच्या एका टोकाला त्या आणि दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये ते.

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. प्रसादच्या घरी सगळे जमलो. ज्या टेबलाशी आम्ही बसायचो त्यावर त्यांचा फोटो होता. तिथं एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाई गोड होत्या यार. पण तुझ्या बाबतीत जरा रिस्कच झाली, नाही?"

आणि मी म्हणालो, "हं."

तो 'हं' घेऊन घरी आलो. काही दिवस जेवण जाईना. पुढे काही महिन्यांनी, गेल्या महिन्यातल्या एका सकाळी, अनघा डबा भरत असताना मी तिला सगळं सांगितलं. गोळी, ड्रॉवर, हॉस्पिटल, मॉलचा बाक. ती झाकण हातात घेऊन ऐकत राहिली.

"गोळ्या लपवल्यास, त्याचं आपण नंतर बघू," ती म्हणाली. "पण मी त्यांच्यासमोर चहा ठेवून वर निघून गेले होते. त्यांनी मला जिन्यात हाक मारली, मी ऐकू न आल्यासारखं केलं. ते आता मी कुणाला सांगू?"

  त्या रात्री तिनं तिळाच्या तेलाची वाटी कोमट करून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. रेवाला आम्ही फोनवर सांगितलं. ती आता कॉलेजात आहे. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, आर यू स्वस्थ नाऊ?" उच्चार बरोबर होता.

मी आज झोपतो, मला भूक लागते, मी एका जागी बसू शकतो. हे मला एका बाईनं दिलं, आणि आपलं नाव गेलं तरी देत राहिली. याबद्दल वाटणारी कृतज्ञता मी रोज रात्री पायांना तेल लावताना मनात म्हणतो. पण ती काकूंपर्यंत पोचत नाही.

प्रसादपर्यंत मात्र पोचू शकते. त्याला अजून असं वाटतं की त्याच्या आईच्या हातून एक चूक झाली, आणि ती वयामुळे झाली. तो हे चांगुलपणानं, आईला सांभाळून घेत म्हणतो, म्हणून जास्त लागतं. ती चूक झाली नव्हती. हे लिहून भागणार नाही. त्याच्या टेबलाशी, त्याच्यासमोर बसून हे सांगायचं मी अजून देणं लागतो.