अण्णांच्या खिशातलं खोडरबर

"कोणी केलं हे?" हा प्रश्न आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. कप फुटो, नळ तुटो, कुकरची शिट्टी हरवो, अण्णा आधी झाडू नाहीतर पाना शोधायला जायचे. माझ्या माहेरी पेला फुटला तरी चौकशी समिती बसायची. त्यामुळे लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा हा माणूस मला जरा विचित्रच वाटला.

सातपूरच्या एका कारखान्यात मशीनं दुरुस्त करण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली होती. मूळचे घोटीकडचे, त्यामुळे बोलण्यातलं 'लय' आणि 'नाय' शेवटपर्यंत सुटलं नाही. "मशीन बंद पडलं की चार जण जमतात आन् कोणाचं चुकलं त्याच्यावर भांडत बसतात," ते सांगायचे. "मशीन बिचारं तसंच उभं. आधी चालू करावं. चालू झालं की कोणाला आठवत पण नाय." मी एकदा नवी कोरी स्कूटी गेटाला घासून आणली. दुसऱ्या दिवशी पाहते तर अण्णांनी गेटाचा कोपरा कानशीने घासून गोल केलेला.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम एक पेन्सिल आणि एक खोडरबर असायचं, रोजच्या शब्दकोड्यासाठी. पेनाने कोडं सोडवणारा माणूस फार शेफारलेला असतो, असं त्यांचं मत होतं. मी पेनानेच सोडवायचे आणि हे मत मला ऐकवायची संधी ते सोडत नसत.

आता खंडेनवमीची गोष्ट. नोकरी सोडून मी घरूनच चित्रांची कामं घ्यायचं ठरवलं होतं. दिंडोरीच्या एका द्राक्षवाल्याने पेट्यांवरची चित्रं करायला दिली होती. पहिलंच काम, आणि दसऱ्याला दाखवायचं कबूल केलेलं. जुना लॅपटॉप त्या चित्रांपुढे धापा टाकायला लागला, म्हणून सुटे भाग मागवून मी स्वतःच नवा कॉम्प्युटर जोडायला घेतला. तो चालला नसता तर काम हातचं गेलं असतं, आणि "घरी बसून कसली कामं होतात" म्हणणारे नातेवाईक टपून बसलेलेच होते.

सकाळी दिवाणावर वर्तमानपत्र पसरून सगळं मांडलं, आंघोळ करून आले आणि जोडायला बसले. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळा ठिक्कर. थोड्या वेळात सगळं आपोआप बंद, मग परत आपोआप चालू. असं तीनदा झाल्यावर मला रडूच कोसळलं.

अण्णा कोडं बाजूला ठेवून आले. "मला यातलं ओ की ठो कळत नाय," खुर्ची ओढत ते म्हणाले. "तू सांग, मी नुसतं विचारतो. हे कशाला हाय? याच्याबिगर चालंल का?" ज्याच्यावाचून चालेल ते ते आम्ही काढत गेलो. शेवटी मेमरीच्या दोन पट्ट्यांपाशी आलो. "दोन कशाला? एक काढ की." एक काढली, तरी तेच. मग आत राहिलेली काढून तिच्या जागी ही काढलेली लावली आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

आतून निघालेली पट्टी मी उजेडात धरली. तिच्या कडेला सोनेरी दाते असतात, तिथूनच सगळी देवाणघेवाण चालते. त्या दात्यांवर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट होतं. आमच्याकडे खंडेनवमीला पान्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मी आंघोळीला गेले तेव्हा आईंनी, माझ्या सासूबाईंनी, ताट फिरवलं होतं. बाकीच्या खोक्यांवर कुंकू पाहून मला कौतुकच वाटलं होतं. ही एक पट्टी मी पाकिटातून काढून ठेवली होती, आणि जिथे सोन्यासारखं चमकत होतं तोच मानाचा भाग समजून आईंनी तिथे बोट टेकवलं होतं.

"आई!" म्हणून मी हाक मारणार, तेवढ्यात अण्णांनी ओठावर बोट ठेवलं. हे दाते रबराने पुसतात, हे मी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. तसं सांगताच खिशातलं खोडरबर माझ्या हातात आलं. मी हळूहळू पुसलं, अण्णांनी फुंकर मारली. रबर लालपिवळं होऊन परत खिशात गेलं. दोन्ही पट्ट्या बसवल्या आणि कॉम्प्युटर सुरळीत चालू झाला.

आई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "काय झालं होतं हो?"

"पट्टी ढिली बसली होती," अण्णा म्हणाले.

"तरी म्हटलं, पूजा केलीय, न चालून जातोय कुठे."

अण्णांनी मान डोलावली आणि कोड्यात डोकं घातलं. मी हसू आवरायला गच्चीवर पळाले. चित्रं वेळेवर गेली आणि पुढे कामं येत राहिली. त्यानंतर दर खंडेनवमीला अण्णा ताट हातात घ्यायचे. "कॉम्प्युटरला मी लावतो, तू मिक्सर बघ," असं आईंना सांगून ते डब्याच्या बाहेर, वरच्या कोपऱ्याला बोट लावायचे.

गेल्या उन्हाळ्यात अण्णा गेले. घरात काही मोडलं की मला त्यांची फार आठवण येते, कारण आता पहिला प्रश्न "कोणी केलं?" हाच असतो, आणि तो बहुतेक वेळा मीच विचारते.

यंदा खंडेनवमीला आई ताट घेऊन माझ्या खोलीत आल्या. मी धसकून उठले. पण त्यांनी बरोबर बाहेरच्या, वरच्या कोपऱ्याला बोट लावलं.

"आत नाही लावत हो," त्या म्हणाल्या. "तेव्हा लावलं होतं ना."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? शर्ट धुवायला घेतला तर खिशात खोडरबर, लालपिवळं. कळायचं ते कळलं."

"मग कधी बोलला नाहीत त्यांना?"

"त्यांनी एवढं जपलं मला. मी बोलले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं गं."

आईंनी ताट खाली ठेवलं. त्यात अण्णांचे पाने होते, कानस होती आणि पुसून पुसून चपटं झालेलं ते खोडरबर होतं. आईंनी त्यालाही हळदकुंकू लावलं.