दुसऱ्या वर्षाचं काय, असं विचारणारी ताई

ताई गेली त्या सकाळी मी ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या इस्पितळासमोर औषधांच्या दुकानाच्या रांगेत उभा होतो. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि पुढे चार माणसं. फोन वाजला. मंजिरीचा, माझ्या बायकोचा. ती एवढंच म्हणाली, "आता औषध राहू द्या, वर या." मला कळलं. तरी मी रांगेतून बाहेर पडलो नाही. का, ते सांगता येणार नाही... माझी पाळी आली, मी चिठ्ठी पुढे केली, औषध पिशवीत घेतलं आणि मग जिना चढलो. त्या पिशवीचं पुढे काय झालं, आठवत नाही.

त्याला आता दीड महिना होत आला. दाना ओली या गल्लीतल्या आमच्या घरी अजून कुणी ना कुणी भेटायला येतं. बहुतेक ताईच्या जुन्या विद्यार्थिनी, आता स्वतःच आज्या झालेल्या. शैलजाबाई फार शिस्तीच्या होत्या म्हणतात, नकाशात नदी चुकीच्या बाजूला वाहवली तर वर्गाबाहेर उभं करायच्या म्हणतात. खरंच आहे ते. शहराच्या लष्कर भागातल्या मुलींच्या एका शाळेत तिनं तीस वर्षं भूगोल शिकवला. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिली. पण मी ज्या ताईबद्दल लिहायला बसलोय ती निवृत्तीनंतरची, शेवटच्या तीन वर्षांतली. त्या तीन वर्षांचा थकवा अजून माझ्या अंगात आहे आणि तो तिच्यापासून वेगळा काढता येत नाही.

माझी मुलगी ऋतुजा बारावीत होती. एके दिवशी जेवताना तिनं सांगितलं की तिला इंजिनिअरिंगला जायचं नाही, दूरच्या एका खासगी विद्यापीठात पर्यावरणाचा अभ्यास करायचाय. फोनवर फी दाखवली. मी वीज खात्यातला बाबू. आकडा पाहून मी घास तसाच ठेवला आणि म्हटलं, हे आपल्याला जमणार नाही. ताई ताक ओतत होती. तिनं ऋतुजाकडे पाहिलंही नाही, माझ्याकडे पाहिलं. "नाही म्हणायचं काम त्यांचं आहे, विनू. ते आपण कशाला करायचं?"

दुसऱ्या दिवसापासून तिनं कामच सुरू केलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीनं रेघा ओढून तिनं तक्ता केला. कुठलं कॉलेज, शिष्यवृत्ती गुणवत्तेवर की घरच्या उत्पन्नावर, वेगळा अर्ज लागतो की प्रवेशाच्याच अर्जात विचार होतो, शेवटची तारीख कोणती. हे सगळं ऋतुजा तिला इंग्रजीतून वाचून दाखवायची. "आत्या, इतना कौन पढ़ता है?" असं ती वैतागून म्हणायची, आणि ताई म्हणायची, ज्याला गरज असते तो वाचतो. तक्त्याच्या शेवटच्या रकान्याचं नाव होतं, दुसऱ्या वर्षाचं काय? कारण बारीक अक्षरातलं वाचता वाचता तिच्या लक्षात आलं होतं की काही ठिकाणी मोठी शिष्यवृत्ती पहिल्याच वर्षापुरती असते. मुलगी एकदा तिथे रुळली की बापाला तिला तिथून काढून आणायचा धीर होत नाही. ताई सरळ त्या कॉलेजांत फोन लावायची. पलीकडची तरुण मुलं तिला मॅम म्हणायची, फीमध्ये काय काय सुविधा येतात ते सांगायची. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मग विचारायची, "ते समजलं. दुसऱ्या वर्षी चालू राहते का? अट काय?" उत्तर मिळालं नाही तर त्या कॉलेजवर काट.

ते वर्ष कसं गेलं ते फॉर्म भरलेल्यांनाच कळेल. मूळ निवासाचा दाखला, शाळेचा दाखला, शिक्षकांची शिफारसपत्रं, ठरावीक मापाचा फोटो, सही स्कॅन केलेली, फाइल मोठी झाली की पान परत कोरं. मी ऑफिसातून निघालो की नई सडकवरच्या फोटोकॉपीच्या दुकानात थांबायचो. दुकानदार मला पाहून विचारायचा, "साहब, अब कौन सा कॉलेज?" मी कंटाळलो होतो. खरं सांगायचं तर निम्म्या वेळेला मला वाटायचं, एकदा सगळीकडून नकार येऊन जाऊ दे, म्हणजे सुटलो. हे मी ताईला कधी सांगितलं नाही. तिला कळलं नसेल असंही नाही.

निबंधावरून मात्र घरात दोन दिवस अबोला झाला. अर्जासोबत स्वतःबद्दल निबंध लिहायचा होता. ऋतुजाला कुणी तरी सांगितलं होतं की घरची ओढाताण लिही, त्याचा परिणाम होतो. तिनं लिहिलं. लहान घर, बापाची बेताची नोकरी, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींना शिकवणारी एकटी आत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं वाचून. ताईनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाली, यात काही खोटं नाही, पण तू कुठं आहेस यात? आम्ही दोघंच दिसतोय. ऋतुजा पाय आपटत निघून गेली. मी ताईला म्हटलं, चाललं असतं की तेवढं. ती म्हणाली, गुणवत्तेची शिष्यवृत्ती मागतोय ना आपण, मग गुण दाखवायचे.

दोन दिवसांनी ऋतुजा आपण होऊन आत्यापाशी जाऊन बसली. अकरावीच्या सुट्टीत दोघी लष्करातल्या घराघरांत फिरून विहिरी बघायच्या. कुठे पाणी आहे, कुठे फरशी टाकून बुजवली, कुणाच्या आठवणीत ती शेवटची कधी भरली होती, असं सगळं वहीत लिहायच्या. मला तो रिकामा उद्योग वाटायचा. तेच तिनं लिहिलं. एका घरच्या म्हातारबुवांनी बुजवलेल्या विहिरीची जागा दाखवायला स्वतःची खाट सरकवली होती, तिथून निबंध सुरू होत होता. ताईनं तो दोनदा वाचला आणि शुद्धलेखनाच्या तीन चुका काढून परत दिला. एवढीच शाबासकी.

मुलाखत व्हिडिओवर होती, दुपारी चारला. ताईनं सकाळीच मला बजावलं, तुझ्या खात्याला सांग, आज चार ते पाच आमच्या गल्लीची लाइट घालवू नका. मी हसलो, पण फोन केला. लाइट राहिली. दाराबाहेर आम्ही तिघं उभे, आतून ऋतुजाचा आवाज. मध्येच ती विहिरींबद्दल इंग्रजीत भराभर बोलायला लागली आणि ताईनं भिंतीला पाठ टेकली. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की तिला धाप लागतेय. मी स्टूल आणून दिलं. ती बसली नाही.

तीन नकार आले. एका ठिकाणी प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती नाही. आणि जिथे हवं होतं तिथून पत्र आलं, फीचा मोठा भाग माफ, चारही वर्षं. अट अशी की दर वर्षी ठरलेली श्रेणी राखायची आणि एकही परीक्षा बुडवायची नाही. मंजिरीनं पेढे आणायला सांगितले. ताईनं अटीचा कागद परत एकदा वाचून घेतला आणि देवापुढे ठेवला.

आपण सुटलो असं मला वाटलं होतं, पण तसं नव्हतं. दर सहा महिन्यांनी निकाल लागेपर्यंत घरात कुणी मोकळा श्वास घेत नसे. ऋतुजा फोनवर दमलेली वाटायची. तिकडे बाकीची मुलं एखादा विषय सोडून देऊ शकतात, मी नाही, असं एकदा तिनं आईला सांगितलं. मला ते ऐकून राग आला, कोणावर ते कळेना. ताई मात्र दर रविवारी तिला फोन करायची आणि अभ्यासाचं अवाक्षर विचारायची नाही. जेवलीस काय, तिकडची माती कशी आहे, विहिरीला पाणी किती फुटांवर आहे, हेच.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आणि ताईच्या फुप्फुसांत पाणी झालं. इस्पितळात नेताना रिक्षातच तिनं माझा हात धरला. शेवटचा पेपर होईपर्यंत ऋतुजाला काही सांगायचं नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं. मंजिरीलाही तंबी दिली. त्या रविवारी ताईनं नाकातली नळी बाजूला करून पोरीशी फोनवर गप्पा मारल्या, पंखा नीट चालत नाही म्हणून धाप लागतेय म्हणाली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मी बाहेर येऊन कंपूच्या रस्त्यावर थोडा वेळ उभा राहिलो... आणि ऋतुजाला फोन केला.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, स्टेशनवरून थेट, पाठीवर बॅग तशीच. तिचे दोन पेपर राहिले होते. ताईनं तिला दारात पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुला एक काम सांगितलं होतं, विनू." पोरीला ती काहीच बोलली नाही. ऋतुजा पलंगाशी बसून राहिली, तिच्या पायांवरून हात फिरवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं स्वतःच विषय काढला. कागद घे म्हणाली, कॉलेजला पत्र लिहायचंय. मी सांगते, तू नंतर इंग्रजी कर. ऋतुजानं सुरुवातीला कृपा करून असं काही लिहिलं. ताईनं ते काढायला लावलं. त्यांनी अट घातली होती, आपण ती मोडली. आधी तेवढं कबूल कर, मग कारण सांग, मग राहिलेले पेपर कधी देणार ते सांग.

"कारण काय लिहू?"

"लिही, आत्या आजारी होती."

ऋतुजाचं पेन थांबलं. "थी नहीं आत्या," ती म्हणाली, "है."

ताईनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. आहे लिही."

पत्र गेलं. त्यानंतर आठ दिवस ताई होती. त्या आठ दिवसांत दोघी काय बोलल्या ते सगळं मला माहीत नाही, मी औषधांच्या मागे असायचो. एकदा मी एकटा होतो तेव्हा ताई म्हणाली, "ती आली, बरं वाटलं मला. पण तू चुकलास. दोन्ही खरं आहे." रोज कधी तरी वाटतं, आठ दिवस थांबलो असतो तर पोरीची शिष्यवृत्ती राहिली असती. मग आठवतं की आठ दिवस थांबलो असतो तर...

तेराव्यानंतर कॉलेजचं उत्तर आलं. पत्र सभ्य होतं. राहिलेले दोन पेपर पुढच्या सत्राच्या सुरुवातीला देता येतील. शिष्यवृत्ती मात्र तिसऱ्या वर्षासाठी थांबवली आहे, श्रेणी पुन्हा वर आली तर चौथ्या वर्षासाठी विचार करू. ऋतुजानं पत्र वाचलं, फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, "देख लेंगे, बाबा." मी बँकेत शैक्षणिक कर्जाचा अर्ज दिला आहे. परत तेच दाखले, तेच फोटो. त्या कागदांच्या ढिगापाशी एकट्यानं बसणं जड जातं.

गेल्या आठवड्यात ताईचा फोन चार्ज करून ठेवला होता, कुणाला तिचे नंबर हवे असतील म्हणून. त्यावर एका विद्यापीठाचा मेल आला. प्रिय शैलजा, तुमचा अर्ज अपूर्ण आहे, अजून वेळ गेलेली नाही. अशा मजकुराचे आणखी कितीतरी खाली पडून होते. मला वाटलं, ऋतुजाच्या अर्जात ताईचं नाव चुकून गेलं असणार. ऋतुजानं फोन हातात घेऊन पाहिलं. चूक नव्हती. पोरीचा अर्ज बिघडू नये म्हणून ताईनं आधी स्वतःच्या नावानं खातं उघडून फॉर्म कसा भरतात ते शिकून घेतलं होतं, आम्हां कुणाला न सांगता. रकाने सगळे खरे भरले होते. जन्मतारीख खरी, पत्ता दाना ओली, लष्कर, ग्वाल्हेर, बारावीच्या ठिकाणी तिचे तिच्या काळचे गुण, एकही न वाढवलेला. फोटोच्या जागी फोटो नव्हता.

शेवटच्या पानावर निबंधाची चौकट होती. तुम्हाला इथे का शिकायचं आहे, असा प्रश्न. बाकी फॉर्म तिनं इंग्रजीत भरला होता, इथे मराठीत दोनच वाक्यं होती. ऋतुजानं ती मोठ्यानं वाचली आणि फोन माझ्या हातात देऊन ती आतल्या खोलीत गेली.

मला भूगोल शिकायचा आहे. शिकवून झाला.