कूस बदललेली रेघ

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं रक्ताच्या स्लाइड तपासून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना सगळे 'निगेटिव' म्हणत. मलेरियाचा जंतू स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय ते रिपोर्टवर दुसरा शब्द लिहीत नसत. एकदा मोठ्या डॉक्टरांच्या आईलाच थंडी वाजून ताप आला. मलेरियाच असणार, असं डॉक्टरांनी आधीच ठरवून टाकलं होतं. यांनी तीनदा स्लाइड पाहिली आणि तीनदा 'निगेटिव' लिहिलं. डॉक्टर खवळले, तेव्हा हे म्हणाले, "साहेब, ताप तुमच्या आईला आहे, स्लाइडला नाही." आजार टायफॉइडचा निघाला. यांची बढती मात्र कधीच निघाली नाही.

निवृत्तीनंतर ते घरातल्या डाळतांदळाकडेही संशयाने पाहू लागले. तेव्हा मुलीने त्यांना कॉम्प्युटरवर एक काम लावून दिलं. कुठल्याशा संस्थेचं यान अंतराळात काचेसारख्या फेसाचा एक ट्रे धरून हिंडून आलं होतं. ताऱ्यांमधल्या धुळीचा एखादा कण त्यात घुसला असेल, तर केसाहून बारीक रेघ उमटलेली असणार. ट्रेचे मायक्रोस्कोपमधून लाखो फोटो काढलेले. एकेका जागेचे चाळीस, वरपासून खोलपर्यंत. जगभरच्या हौशी लोकांनी ते खालीवर सरकवून पाहायचे आणि 'रेघ आहे' किंवा 'रेघ नाही' हे बटण दाबायचं. मोबदला शून्य. मात्र खरा कण सापडला, तर पहिल्यांदा पाहणाऱ्याने त्याचं नाव ठेवायचं.

"म्हणजे जन्मभर जे केलंत तेच, फुकट," बायको म्हणाली. ती घरच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करून देत असे. पँट आखूड करणं, कंबर सैल करणं. लोकांची कंबर वाढते यावर तिचा धंदा उभा होता.

तिसऱ्या दिवशी निगेटिवांनी चोरी पकडली. लोक नीट बघतात की नाही हे तपासायला संस्था अधूनमधून चाचणीचे फोटो घुसवत असे. त्यात रेघ मुद्दाम चिकटवलेली असायची, आणि ती ओळखण्यावर गुण ठरायचे.

"ही मघाचीच रेघ आहे," ते पडद्याला म्हणाले. "फक्त कूस बदलून झोपलीय. आणि सावली बघ, उजेडाच्याच दिशेला! आहे का कुठे असं?"

त्यांनी 'रेघ नाही' दाबलं. पुढच्या चाचणीलाही तेच. पंधरवड्यात त्यांचे गुण शंभरात अडतीसवर आले.

आणि मग एका सकाळी ती दिसली. खोल जावं तशी निमुळती होत गेलेली, सावली जिथे हवी तिथे. चहावर साय धरेपर्यंत ते बघत राहिले. 'रेघ आहे' दाबलं, फोटोचा नंबर वहीत उतरवला आणि संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर सभ्य होतं. ऐंशीच्या खाली गुण असलेल्यांचे शेरे मोजत नाहीत. महिनाअखेरपर्यंत ऐंशी गाठलेत, तर हा शेराही धरू.

"मग दाबा ना 'आहे'," बायको म्हणाली.

"खोटी आहे ती."

"अहो, परीक्षा आहे. शाळेत हौदाला दोन नळ असायचे, एक भरायचा, एक रिकामा करायचा. तो हौद काय तुम्ही जाऊन बघितला होतात?"

"म्हणूनच गणितात कमी पडायचो."

निगेटिवांना आंघोळीला पन्नास मिनिटं लागत. लॅबची सवय, नखंच दहा मिनिटं घासायचे. खातं बंद करून उठायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काही दिवसांनी गुण चव्वेचाळीस झाले, मग एकोणसाठ, मग बहात्तर.

"आली अक्कल संस्थेला," ते अंग पुसत म्हणाले. बायकोने तोंडात आणखी दोन टाचण्या धरल्या.

महिना संपता संपता गुण त्र्याऐंशी झाले. पुढे चार महिन्यांनी पत्र आलं. रेघ खरी होती, कण बाहेरचा होता, पहिला शेरा त्यांचा होता. नाव कळवावं. मुलगी फोनवर इतकी किंचाळली, की फोन नसता तरी ऐकू आली असती.

निगेटिवांनी मात्र पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "त्र्याऐंशी कसे झाले? मी तर चाचणीला एकदाही 'आहे' म्हटलं नाही."

"मी म्हटलं."

"कितीदा?"

"तुमची आंघोळ होईपर्यंत."

 दुपारी त्यांनी पत्र लिहायला घेतलं. रेघ मी पाहिली, गुण माझे नाहीत; आणि तुमच्या चाचण्यांत एकच रेघ कूस बदलून येते.

"पाठवलंत तर आजपासून स्वयंपाक तुमचा तुम्ही," बायको म्हणाली. मग सुईत दोरा ओवत, "नाव ठरवलं होतं मी."

"काय?"

"आता कशाला सांगू?"

पत्र गेलं. आठवडाभर ते स्वतः शिजवलेला भात खात होते आणि त्याबद्दल कोणताही शेरा देत नव्हते. उत्तर आलं: एका खात्यावर एकच माणूस हा नियम असल्याने शेरा रद्द. कण दुसऱ्या क्रमांकाच्या पाहणाऱ्याकडे गेला. तो कुणी दातांचा डॉक्टर होता आणि त्याने आपल्या मांजरीचं नाव दिलं. पत्राच्या तळाशी एक ओळ होती: चाचणीच्या सगळ्या रेघा एकाच रेघेवरून केल्या आहेत हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, नव्या करत आहोत. ती ओळ निगेटिवांनी मुलीला फोनवर वाचून दाखवली. मांजरीचं सांगितलं नाही.

बायकोने भांडण मिटवलं नाही, स्वतःचं खातं उघडलं. नाव तयार होतं, फक्त कण हवा होता. तिचे गुण सत्त्याण्णववर गेले. एका सकाळी तिने पुढच्या खोलीतून हाक मारली, "अहो, इकडे या. ही खरी की कूस बदललेली?"

"मी बघणार नाही. एका खात्यावर एकच माणूस."

ते पाठ करून उभे राहिले. समोर गिऱ्हाइकांसाठी लावलेला पुरुषभर उंचीचा आरसा होता. त्यात बायको दिसत होती, पडदा दिसत होता आणि पडद्यावर काहीतरी बारीक.

"खाली घे," ते आरशाला म्हणाले. "अजून खाली."

आरशात बघू नये असं नियमांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ते आधीच तपासलं होतं.