टाकीचं बूच

ही गोष्ट मी घरात कधी सांगितली नाही. मोटारीच्या दिवसांच्या पुष्कळ गोष्टी मुलांना, नातवंडांना सांगितल्या. ही जवळ आली की मी विषय बदलायचो. आता टाळत बसायला फारसा वेळ उरलेला नाही.

निजामाचा अमल होता आणि महायुद्ध चालू होतं. उस्मानाबादेत एका सरकारी डॉक्टरांच्या दौऱ्याच्या मोटारीवर मी ड्रायव्हर होतो. विशी नुकतीच ओलांडली होती. जुन्या लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी खोली बसवलेली ती मोटार. आत दोन बाकं, रात्री त्यांच्याच खाटा व्हायच्या. औषधांचं कपाट, खिडक्यांना जाळी, मागच्या दाराशी स्टोव्ह. साहेब तिच्यात आठवडा आठवडा राहत. बेंबळीला गेलो तर टोचून घ्यायला माणसं कमी आणि चाकावरचं घर बघायला जास्त.

स्वयंपाकाला एक म्हातारे खानसामे होते. मी त्यांना चाचा म्हणायचो. रॉकेल आणि पेट्रोल दोन्ही तेव्हा मोजून मिळत, आणि दोन्हीचे डबे त्यांच्याच ताब्यात असत. टाकीत बांबूची काडी बुडवून पेट्रोल किती उरलं ते बघायचं कामही त्यांचंच. साहेबांचा त्यांच्यावर जुना विश्वास होता.

एकदा लोहाऱ्याच्या वाटेवर टाकीचं पितळी झाकण कुठंतरी पडलं. मी मागं बरंच चालत जाऊन शोधलं, मिळालं नाही. साहेबांना कळलं तर नोकरी जाईल या भीतीनं मी बाभळीचं बूच तासलं, त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि ठोकून बसवलं. खड्ड्यांतूनही पेट्रोलचा थेंब सांडेना.

चाचा बघून म्हणाले, "सुतार व्हायचं सोडून इथं कशाला मरायला आलास रे?"

"साहेबांना सांगू नका, चाचा."

"मी कशाला सांगू? मला बूच आन् झाकण एकच."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मोटारीचा जोर जायला लागला. सकाळी झकास निघायची. काही कोस गेलं की धापा टाकायची, आणि चढ लागला की बसायची. मी प्लग साफ केले. कार्बोरेटर उतरवून त्याची बारीक भोकं फुंकली. पेट्रोलची नळी तोंडानं ओढून पाहिली, मोकळी होती. दोष कुठंच दिसेना. आणि दर वेळी मी बॉनेटात डोकं घालून बसलेलो असताना चाचा टाकी उघडून काडी बुडवत. "पेट्रोल तो है," म्हणत. मग हँडल मारलं की मोटार चालू, आणि चढही सहज चढायची.

"तिला दमा झालाय," चाचा म्हणायचे. "साहेबांच्या औषधानं न्हाय, माझ्या हातानं बरी होती ती."

हे हसण्यावारी गेलं असतं. पण एकदा मी ती काडी नाकाशी धरली आणि तिला रॉकेलचा वास आला. माझ्या डोक्यात सगळं चटकन जुळलं. चाचा पेट्रोल विकतात, टाकीत रॉकेल घालतात, आणि गाडी बसली की मोजायच्या निमित्तानं थोडं चांगलं पेट्रोल ओततात.

लोहाऱ्याच्या मुक्कामात मी साहेबांना सांगितलं.

"ओतताना बघितलंस?"

"न्हाय साहेब. पण त्यांनी टाकी उघडली की मोटार चालती. दर वेळी."

यातला शब्दही खोटा नव्हता.

साहेबांनी चाचांना बोलावलं. ते म्हणाले, "साहब, मी काडीच बुडवतो." मग माझ्याकडं वळले. "तू सांग की बेटा. माझ्या हाताला दिवसभर स्टोव्हचा वास असतो. काडीला लागणारच की."

साहेबांनी जुना माणूस म्हणून पोलिसात दिलं नाही, कामावरून काढलं. पत्र्याची पेटी बैलगाडीत ठेवल्यावर चाचांनी काडी माझ्या हातात दिली. "चढ लागायच्या आधी बघत जा," म्हणाले.

पुढच्या दौऱ्यात पेट्रोल मी स्वतः भरलं, माझ्याच कुलपातलं. येडशीच्या घाटात मोटार पुन्हा धापा टाकायला लागली आणि बसली. चाचा नव्हते, म्हणून काडी घेऊन मीच बूच ओढलं. सूं असा लांब आवाज झाला. टाकी हवा आत ओढत होती.

जुन्या झाकणाला सुईएवढं भोक होतं. मला वाटायचं, झिजून पडलं असेल. त्यातून हवा आत जायची, म्हणून पेट्रोल पुढं सरकायचं. माझ्या बुचानं ती वाट बंद केली होती. चाचा टाकी उघडत तेव्हा हवा मिळे, एवढंच.

मी स्टोव्हवर तार लाल केली आणि बुचाला आरपार भोक पाडलं. मोटार न थांबता घाट चढली.

आतून साहेब म्हणाले, "बघ, तो गेला आणि मोटार सुधारली."

"व्हय साहेब," मी म्हणालो.

सांगितलं असतं तर झाकणापासून सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता साहेबांची बदली झाली. पुढं निजामी गेली, मीही दुसऱ्या मोटारीवर लागलो.

काही वर्षांनी येडशी स्टेशनाबाहेर चाचा दिसले. चहाचं छोटं दुकान टाकलं होतं. त्यांनीच मला ओळखलं, बाकावरचा माणूस सरकवून बसवलं, चहा दिला.

"आपली दमेकरीण कशी हाय? चढती का?"

"चढती, चाचा."

"काय होतं रे तिला? सापडलं का कधी?"

इतकं सरळ त्यांनी विचारलं. चहा माझ्या हातात होता.

"सापडलं न्हाय. आपोआप बरी झाली."

ते हसले. "जुनी गाडी. तिच्या मनात येईल तसं."

आगगाडीची शिट्टी झाली आणि मी उठलो. पुढच्या खेपेला दुकान बंद होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, चाचा हिवाळ्यात गेले.

त्या बाकावर बसून मला एवढंच म्हणायचं होतं: चाचा, मला सापडलं होतं. तुम्हाला कामावरून काढलं त्याच्या पुढच्याच दौऱ्यात, ह्याच घाटात सापडलं. दोष माझ्या बुचाचा होता. तुमच्या हातात काडीशिवाय काही नव्हतं. हे मला साहेबांना सांगता आलं असतं, मी सांगितलं नाही. मला माफ करा.