वास्तुशांतीचा धूर

आईला दम्याचा त्रास होता, म्हणून सत्तरच्या दशकात विजापूर रस्त्याला घर बांधताना वडिलांनी प्रत्येक खोलीला समोरासमोर खिडक्या काढल्या, स्वयंपाकघराला उंच धुराडं केलं. येईल त्याला ते खेळत्या हवेचं महत्त्व समजावत.

वास्तुशांतीच्या दिवशी त्याच हवेनं होम पेटेना. गुरुजींनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. आम्हा सगळ्यांचे डोळे चुरचुरायला लागले. खोकून बेजार झालेली आई पाटावरून उठली.

"बसा बाई, या धुरानं घरातली हवा शुद्ध होते," गुरुजी म्हणाले.

"मग तुम्हीच घ्या की," म्हणत ती बाहेर वाळूच्या ढिगावर जाऊन बसली. वडील सोवळ्यातच तिच्यामागे गेले, त्यांच्यामागे आम्ही सगळे.

उरलेली वास्तुशांती गुरुजींनी एकट्यानेच, खोकत उरकली.