कायम होण्याबाबत

विषय : कु. प्रज्ञा उत्तम साळवे, वेल्डर, यांनी ऑस्ट्रेलियात कायम होण्यासाठी कोणता मार्ग धरावा, याबाबत.
संदर्भ : कारखान्याच्या गेटसमोरील टपरीवर झालेली तोंडी चर्चा, वेळोवेळी.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी सहकारी साखर कारखान्याचा निवृत्त हेडक्लार्क असून परदेशाच्या कामकाजाचा मला काडीचाही अनुभव नाही. तरीही या प्रकरणी माझा सल्ला घेण्यात आला. माझ्याहून कमी अनुभवी माणसांचाही घेण्यात आला. मिल जोरात आणि बॉयलर मंद असला की यार्डात बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, ढीग साठतो, तसे मग किस्से साठत गेले.

टपरीवर आम्ही तिघं. मी, काट्यावर उसाच्या गाड्या मोजून निवृत्त झालेले बन्सीआप्पा, आणि प्रज्ञाचे वडील उत्तमराव. उत्तमरावांनी उभी हयात पॅन हाऊसला साखर शिजवली, ती हंगामी कामगार म्हणून. कायम करायच्या यादीत त्यांचं नाव वर आलं की नेमका त्या वर्षी पाऊस दडी मारायचा, ऊस चारा छावणीत जायचा आणि संचालक मंडळ ठराव करायचं, 'पुढील हंगामात विचार करावा.' हंगाम पुष्कळ आले. विचार आला नाही.

त्यांची पोरगी आयटीआय करून याच कारखान्यात वेल्डर झाली. दुष्काळात कारखाना थंडावल्यावर परळीला वीज केंद्रावर एका ठेकेदाराकडे लागली. बॉयलरच्या ट्यूबा जोडणारी ती तालुक्यातली पहिली बाई. 'पहिली' हे मी तपासून लिहिलेलं नाही, पण आधीची कोणी असल्यास तिने हरकत घ्यावी.

*

प्रज्ञाने टपरीवर प्रथम विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "पीआर म्हंजे पर्मनंट, बाबा. एकदा झालं की कुणी काढत न्हाई."

उत्तमरावांनी कप खाली ठेवला. "प्रोबेशन किती?"

"तसं नसतंय. वय, शिक्षण, इंग्रजी, कामाचा अनुभव, सगळ्याचे पॉइंट असतेत."

बन्सीआप्पांना हे पटेना. त्यांनी आवाज खाली आणला. "पोरी, खरं सांग. चिठ्ठी कोणत्या संचालकाची लागती?"

"चिठ्ठी नसती आप्पा. पॉइंटच."

"मग तर अवघडच हाय," आप्पा म्हणाले. "चिठ्ठी आणता तरी येती."

*

उत्तमराव तिला घेऊन शहरातल्या एका एजंटकडे गेले. एसी ऑफिस, भिंतीवर कांगारू. एजंटने पोरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "वेल्डरचं विसरा मॅडम. मॅनेजमेंटच्या कोर्सला स्टुडंट म्हणून जा. तिकडे गेल्यावर बघू."

प्रज्ञा म्हणाली, "सर, मी जोडलेल्या ट्यूबचा एक्सरे काढतेत. त्यात केसाएवढी भेग दिसली तर काम परत. तुमच्या मॅनेजमेंटचा एक्सरे निघतो का?"

एजंटने पुढच्या माणसाला आत बोलावलं. बाहेर पडताना उत्तमरावांनी कांगारूकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुमच्याकडं कायम हाय का हंगामी?"

*

मग प्रज्ञाने स्वतःच सरकारी संकेतस्थळ वाचून काढलं आणि आम्हाला तीन रस्ते सांगितले.

पहिला, आपल्याच पॉइंटवर थेट पर्मनंट. आम्ही याला 'सभासद' म्हटलं. दुसरा, तिकडची कंपनी बोलावते, पण मग तिच्याकडेच राबायचं. बन्सीआप्पा म्हणाले, "म्हंजी टोळी. ज्या मुकादमासंगं आलास, त्याच्याच फडात कोयता चालवायचा."

तिसरा रस्ता मोठ्या शहरांपासून दूरचा. तिथलं राज्य शिफारस करतं आणि जादा पॉइंट देतं. त्या आडभागात ठरलेली वर्षं राहून काम केलं की आपण होऊन पर्मनंटचा अर्ज करायचा.

"म्हणजे हंगामी कायम," मी म्हणालो.

बाहेरच्यांसाठी खुलासा करतो. साखर कारखान्यात कायम आणि हंगामी यांच्या मध्ये 'हंगामी कायम' अशीही एक वर्गवारी असते. हंगाम सुरू झाला की त्या माणसाला हक्काने कामावर बोलावतात. हे दोन शब्द शेजारी नांदू शकतात हे सहकारानेच सिद्ध केलं अशी आमची समजूत होती. ऑस्ट्रेलिया आमच्या मागोमाग आलेला पाहून बरं वाटलं.

"आडभाग म्हंजी कसा?" उत्तमरावांनी विचारलं.

प्रज्ञाने मोबाईलवर फोटो दाखवला. तांबडी माती, आभाळापर्यंत एक झाड नाही, मध्येच पत्र्याची पाण्याची टाकी.

बन्सीआप्पांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "हे तर आपलं शिरूर कासार हाय की. कारखान्यात माणसावर खप्पामर्जी झाली की तिकडंच बदली करायचे."

"आप्पा, तिथं जायला लोक अर्ज करतेत."

"तेच म्हंतो मी. आमी बदली रद्द करायला अर्ज करायचो."

*

इंग्रजीच्या परीक्षेत तोंडी भाग असतो. परीक्षकाने तिला सांगितलं, पाण्याजवळच्या एखाद्या आवडत्या जागेविषयी बोला.

प्रज्ञा आयटीआयला बीडला होती. मैत्रिणींबरोबर पालीला बिंदुसरा धरण पाहायला जायची. तिने धरणाची भिंत सांगितली, वारा सांगितला, भिंतीवर बसून खाल्लेल्या शेंगा सांगितल्या. परीक्षक खूश झाला. त्याने विचारलं, "पाण्यात काय करायचात?"

ती म्हणाली, "क्रिकेट खेळायचो."

त्याला वाटलं, इंग्रजी चुकलं. त्याने प्रश्न पुन्हा विचारला, तिने उत्तर पुन्हा दिलं. मग दुष्काळ म्हणजे काय, हे तिने त्याला इंग्रजीतून समजावून सांगितलं. बोलण्यात तिला सगळ्यात चांगले गुण पडले. बिंदुसरेत त्या वर्षी पाणी असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

*

खरी अडचण पुढेच होती. कसब तपासणाऱ्या तिकडच्या संस्थेने कारखान्याचा अनुभवाचा दाखला वाचला. त्यात 'सीझनल वेल्डर' असं लिहिलेलं. त्यांनी पत्र धाडलं की, हंगाम संपल्यावर अर्जदार काय करत होती? उरलेले महिने मोजता येतील असं दिसत नाही.

ते महिने गेले असते तर वेल्डर म्हणून मान्यताच मिळत नव्हती. मान्यता नाही तर तिन्ही रस्ते बंद. उत्तमराव त्या दिवशी चहा न पिता उठले. "माझं हंगामीपण पोरीलाबी लागलं," एवढंच बोलले.

मी कारखान्यात जाऊन बसलो. तिथे आता एक प्रभारी अधिकारी आणि एक वॉचमन एवढेच. खुलाशाचा मसुदा मी केला, अधिकाऱ्याने सही केली, इंग्रजी प्रज्ञाने केलं. त्यातलं वाक्य असं होतं: 'हंगामात कारखाना चालतो आणि हंगाम संपल्यावर वेल्डर चालतो. दुष्काळात गाळप झाले नाही, तरी दुरुस्ती झालेली आहे.'

सगळे महिने धरले गेले. नोकरीत मी हजारो मसुदे केले. परदेशात मंजूर झालेला हा एकच.

*

मान्यता मिळाली, तसा एका कंपनीचा मेल आला. लगेच या, व्हिसाचं आम्ही पाहतो. सगळी टपरी खूश. आडभागाच्या रस्त्याला वेळ लागणार होता, शिफारस मिळेलच असं नव्हतं, आणि वय वाढलं की पॉइंट उतरतात. बन्सीआप्पांनी पेढे मागवायची भाषा सुरू केली. टोळी, मुकादम सगळं ते विसरले होते.

उत्तमरावांनी विचारलं, "तुला कामाला बोलावतेत का कायमला?"

प्रज्ञाने मेल पुन्हा वाचला. "आधी काम, बाबा. पर्मनंटचं नंतर विचार करू, म्हणतेत."

"कधी?"

"तारीख न्हाई लिहिली."

"पुढच्या हंगामात," उत्तमराव म्हणाले.

बन्सीआप्पांनी पेढ्यांची भाषा आवरती घेतली. प्रज्ञाने कंपनीला नम्र नकार पाठवला आणि शिरूर कासारचा, म्हणजे आडभागाचा, रस्ता धरला. राज्याची शिफारस यायला वेळ लागला, पण आली. ते पत्र दाखवायला प्रज्ञा वीज केंद्रावरून तशीच आली, हातावर ठिणग्यांचे डाग घेऊन. उत्तमरावांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि आपला प्यायचा विसरले.

*

आडभागात जाण्याच्या व्हिसाचा अर्ज तिने टपरीवरच बसून भरला. घरच्यांच्या माहितीत वडिलांचा व्यवसाय विचारला होता.

"बाबा, रिटायर्ड लिहू?"

"रिटायर कसा?" उत्तमराव म्हणाले. "रिटायर व्हायला आदी कायम व्हावं लागतं. माझा अर्ज हाय कारखान्यात. भाऊसाहेबांला विचार."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. अर्ज आहे, आवक क्रमांकासह आहे, आणि तो नामंजूर झाल्याचं कोणतंही पत्र आजवर निघालेलं नाही.

"मग काय लिहू?"

"लिव्ह की. साखर कामगार."

तिने तसं लिहिलं आणि बटण दाबलं.

सबब, सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे आहे. कु. प्रज्ञा साळवे यांचा अर्ज ऑस्ट्रेलियात पोहोचला असून प्रलंबित आहे. श्री. उत्तम साळवे यांचाही प्रलंबित आहे. कोणाचा आधी निघतो, यावर बन्सीआप्पांनी चहाची पैज लावली आहे. ती उत्तमरावांच्या बाजूने आहे.